गाव म्हातारं केलं कुणी? गेलेल्यांनी की पाळणा थांबवणाऱ्यांनी?

वाडीतला:
यंदा शिमग्याला गावी होतो. पूर्वी पालखीला खांदा मिळावा म्हणून पोरांची भांडणं व्हायची, यंदा मुंबईची गाडी येईपर्यंत पालखी सहाणेवर, म्हणजे ती टेकवायच्या ओट्यावर, तशीच बसून, कारण गावात होते त्यातले निम्मे गुडघे धरून. शाळेचा पट ५, त्यातली दोन पोरं बागेतल्या नेपाळी गड्याची. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६,९६,७७७ होती, २०११ ला १६,१५,०६९. राज्य त्याच दहा वर्षांत १६ टक्के वाढलं आणि आम्ही ८१ हजारांनी घटलो! माझं मत सरळ आहे, मुंबईला नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांनी गाव म्हातारं केलं. गणपतीला येऊन रील काढायला गाव पाहिजे, एरवी दाराला कुलूप. बोला आता.

डोंबिवलीकर:
आलं खापर आमच्या डोक्यावर. अरे चाकरमानी काय काल-परवा गेले का? माझे आजोबा गिरणीत होते, परळला एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे. आजी गावी, दर महिन्याला मनीऑर्डर. आणि आजीला सात मुलं, सातही गावातच जन्मली, गावातल्याच शाळेत शिकली. तेव्हा काय लोक कमी गेले होते? तरी शाळा भरलेल्या होत्या ना? मग जाण्याला दोष कसा देतोस. खरं कारण पाळण्याचं आहे. महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलं १९९२-९३ च्या पाहणीत २.९ होती, २०१९-२१ मध्ये १.७ वर आली. लोकसंख्या जिथल्या तिथे राहायची तर २.१ लागतात. म्हणजे उद्या घाटावरची गावंपण याच वाटेने जाणार, तिथे कोणाला शिव्या देणार?

आकडेमोड:
दोघंही अर्धं बरोबर सांगताय आणि उरलेल्या अर्ध्यावर भांडताय. वयाचा मनोरा डोळ्यासमोर आणा, खाली लहान पोरं, वर म्हातारे, एका बाजूला पुरुष दुसऱ्या बाजूला बायका. डोंबिवलीकरांच्या आजोबांच्या काळात एकटा पुरुष जायचा, म्हणजे मनोऱ्याच्या एका बाजूला मधोमध उंदराने कुरतडल्यासारखा खड्डा, पण पाया जागेवर कारण बाई गावात आणि पोरं तिच्याजवळ. पाया कधी गेला? बाईपण निघाली तेव्हा. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे बायका २००१ ला ११३६ होत्या, २०११ ला ११२२. सिंधुदुर्गात तर १०७९ वरून १०३६. नुसत्या या आकड्यांनी सिद्ध काही होत नाही, मान्य, पण त्याच दशकात ठाणे जिल्हा ३६ टक्के फुगला, ते काय एकटे गडी होते का? जी मुलं गावात जन्मली असती ती आता दिव्याला, नालासोपाऱ्याला, बदलापूरला जन्मतात. जन्मदर उतरला हे खरंच, पण जन्माचं ठिकाणच हललं हे कोणी बोलत नाही.

आणि वाडीतले, लोकसंख्या घटणं म्हणजे म्हातारं होणं नव्हे हां. मुंबई शहर जिल्हापण त्या दहा वर्षांत साडेसात टक्के घटला, तिथली पालखी कुठे अडली?

माहेरवाशीण:
वा! म्हणजे पुरुष गेले तोवर ठीक होतं, बाई गेली आणि गाव म्हातारं झालं. शेवटी आलंच आमच्यावर.
माझ्या सासूबाईंनी एकवीस वर्षं नवरा वर्षातून दोनदा बघितला. शेत, गोठा, सासरा, चार पोरं, सगळं एकटीने. त्यांनीच मला लग्नानंतर सांगितलं, तू हिते ऱ्हाऊ नको. दिव्याला खोली केवढी तर दहा बाय बारा, पण नळ घरात, आणि मुलाला रात्री ताप आला तर डॉक्टर पाच मिनिटांवर. गावी माझ्या जावेला बाळंतपणाच्या रात्री एका दवाखान्याने पुढे पाठवलं, दुसऱ्याने त्याच्याही पुढे, तीन तास गाडीतच. तिने दुसऱ्या मुलाचं नावच काढलं नाही, हे कुठल्या रकान्यात लिहिता तुम्ही? जन्मदराच्या की स्थलांतराच्या?

आकडेमोड:
ताई, दोष देत नाहीये, कसं घडलं ते सांगतोय. पण शेवटचा प्रश्न चोख आहे, माझ्याकडे उत्तर नाही.

कलमवाला:
एक गोष्ट सगळेच विसरले. आमच्यासारखे परत येणारे. पस्तीस वर्षं नोकरी करून मी ५८ व्या वर्षी गावी आलो, घर बांधलं, आंब्याची कलमं सांभाळतो. म्हणजे जाताना मी मनोऱ्याचा मधला भाग पोखरला आणि येताना वरचा मजला चढवला, म्हातारपण दोन्हीकडून मीच वाढवलं म्हणा ना. वाडीत आम्ही असे सात जण आहोत, एकाचाही मुलगा इथे नाही. लोक म्हणतत, म्हातारी माणसां तेवडी रवली. पण त्यात रडण्यासारखं काय आहे? वाण्याचं दुकान आमच्या पेन्शनवर चालतंय. अडचण एकच, हातात आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडावर चढणारा माणूस. तो नेपाळहून येतो, आणि तो नाही आला तर हापूस झाडावरच पिकून पडेल.

वाडीतला:
काका, पेन्शनवर दुकान चालेल, शाळा कशी चालायची? नेपाळी गडी बाग बदलून गेला की पट तीनवर. आणि माणसं कमी म्हणजे वजनपण कमी, २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत रत्नागिरी आणि राजापूर अशा दोन खासदारक्या होत्या त्याची एकच रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाली. बायकांबद्दलचं मात्र मान्य, माझी आईपण वहिनीला हेच म्हणाली होती, मीच ते सोयीने विसरलो. पण चाकरमान्यांना मी सोडणार नाही, निदान बंद घराचं छप्पर तरी शाकारा रे, शेजारच्याच्या भिंतीवर पाणी येतं.

डोंबिवलीकर:
छप्पर करू. पण खरा हिशोब पुढच्या जनगणनेत दिसेल, २०११ चे आकडे किती दिवस चघळायचे.

माहेरवाशीण:
त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या वर्षीची होळी २२ मार्चच्या आसपास. म्हणजे मोजायला माणूस येईल तेव्हा आमच्या वाडीत निम्म्या दारांना कुलूप, आणि तीन आठवड्यांनी त्याच घरांत झोपायला जागा नसेल.