प्रोस्टेटच्या हॉर्मोन उपचारात व्यायाम: तुमच्या घरी काय चाललंय?

बाबांना प्रोस्टेट कॅन्सरसाठी ल्युप्रोलाइड या औषधाचं दर तीन महिन्यांचं इंजेक्शन सुरू झालंय. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन पाडलं की कॅन्सरचं खाद्य तुटतं, हे समजलं. पण स्नायू झडतात, पोट सुटतं, हाडं ठिसूळ होतात, साखरही चढू शकते. डॉक्टर म्हणाले, ‘व्यायाम करा.’ कोणता, किती, हे ओपीडीच्या गर्दीत कोण सांगणार? ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांनी लिहा. ‘सकारात्मक राहा’ नको, रोज काय करता ते हवं.

कोथरूडकर काका
सकाळची टेकडी कधी चुकवली नाही, तरी पॅन्ट कमरेला घट्ट आणि मांडीला ढगळ होत गेली. फिजिओबाई म्हणाल्या, चाला जरूर, पण गळणारा स्नायू नुसत्या चालण्याने थांबत नाही. त्याला ओझं लागतं. मग खुर्चीवरून हात न टेकता उठबस, खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा ओढणं, भिंतीवर जोर. हे एक दिवसाआड. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्याच पाहिजेत, सोपं वाटलं की ताण वाढवायचा. आता जिन्याचा कठडा धरावा लागत नाही.

नाशिकची लेक
आमच्याकडे आजार कण्यात आणि खुब्यात उतरलाय, त्यामुळे वरचं जसंच्या तसं करू नका! बोन स्कॅन बघूनच फिजिओने आखून दिलं. वाकून उचलणं, कंबर पिळणं, उड्या बंद. बसून पाय सरळ करणं, हलका पट्टा, थोडं चालणं चालू. नव्या जागी दुखलं की व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना फोन.

घामाघूम
अंगातून वाफा निघतात त्या काही व्यायामाने गेल्या नाहीत. खोटं कशाला बोलू? दुपारचं लोळणं मात्र कमी झालं.

बार्शीवाला
इंजेक्शनचा खर्च झेपेना, म्हणून अण्णांचं अंडकोष काढायचं ऑपरेशन केलं. परिणाम तेच, फक्त कायमचे. अण्णांचं एकच, ‘जन्मभर रानात राबलो, आता उठाबशा काढू व्हय?’ नातू शेजारी उभा राहून काढतो, तेव्हा काढतात. तोल जाऊन पडले तर हाड मोडायची भीती, म्हणून ओट्याला धरून एका पायावर उभं राहणंही लावलंय.

मी एक शंका विचारतो, वजनं उचलून टेस्टोस्टेरॉन वाढलं तर?

टोरांटोहून
@बार्शीवाला, हीच शंका मलाही होती. इथे कॅनडात सेगल आणि सहकाऱ्यांनी १५५ पुरुषांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये छापून आला. १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम. थकवा कमी झाला, ताकद वाढली, पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर नजर ठेवायला रक्तात तपासतात ते) किंवा टेस्टोस्टेरॉन वाढलं नाही. उपचाराने दाबलेलं हॉर्मोन डंबेल्सनी वर येत नाही.

धागाकर्ती
बाबांचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) या आठवड्यात आहे, तो घेऊनच फिजिओकडे जाते. काका, पट्टा सुरुवातीला कुठल्या रंगाचा, म्हणजे किती ताणाचा घेतलात? दुकानदार सगळेच ‘चांगले’ म्हणतोय.