सीआरपी उतरला म्हणजे पेशंट सुटला?

रातपाळी: कालच्या पोस्टमध्ये एकाने छातीठोकपणे लिहिलंय, "व्हायरल न्यूमोनियाच्या आयसीयू पेशंटचे सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, आयएल-6 रोज करा, आकडे उतरले की धोका टळला." डोकंच फिरलं. हे सगळे रक्तातले आकडे: सीआरपी आणि फेरिटिन सूज असली की चढतात, डी-डायमर गुठळ्या झाल्या की, आणि आयएल-6 म्हणजे सूज पेटवणारा सिग्नल. आयएल-6 अडवणारं टोसिलिझुमॅब दिलं की सीआरपी कोसळणारच! लिव्हर तो आयएल-6च्या हुकमावरून बनवतं आणि तो हुकूमच आपण अडवलेला असतो. खाली फुप्फुसात बॅक्टेरिया माजले तरी रिपोर्ट गोंडस. असा पेशंट पाहिलाय मी, सीआरपी एक आकडी आणि व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन वाढवतच चाललोय. फेरिटिन तर नुसतं लिव्हर बिघडलं तरी चढतं. आणि आयसीयूत डी-डायमर नॉर्मल असतो कुणाचा?

लॅबकिडा: मग लॅबला कुलूपच लावा ना! कोविडच्या औषधांच्या 'रिकव्हरी' नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये टोसिलिझुमॅबसाठी पेशंट निवडले ते कशावर? ऑक्सिजन कमी आणि सीआरपी निदान 75. नेहमीच्या उपचारात 35 टक्के दगावले, औषधवाल्यांत 31.

रातपाळी: 75च्या खालचे त्यात घेतलेच नव्हते. मग फायदा आकडा बघून निवडल्यामुळे झाला, हे कळलं कसं?

जुना_मॉनिटर: सगळे सीआरपीतच अडकलेत. बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनमध्ये चढतं त्या प्रोकॅल्सिटोनिनचं काय? नुसत्या व्हायरलमध्ये सहसा खालीच राहतं. तरी पहिल्या दिवसापासून मेरोपेनेमसारखं जबर अँटिबायोटिक चालू! यावर कुणी बोलत नाही.

मधली_लेक: तुम्ही डॉक्टर आपसात भांडत बसा. बाबा आत होते, भेट बंद. फोनवर रोज तेच, "क्रिटिकल बट स्टेबल." आमच्या हातात फक्त रिपोर्ट. सीआरपी 180चा 60 झाला त्या रात्री आई पहिल्यांदा झोपली. दोन दिवसांत बाबा गेले.

रातपाळी: वाईट वाटलं वाचून. पण म्हणूनच म्हणतो, नातेवाइकांना नुसते आकडे पाठवू नयेत. डी-डायमर वाढला म्हणून रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनचा डोस वाढवा, असा आयसीयूच्या दाराशी तमाशा झालेला आहे.

मधली_लेक: तमाशा? "टोसिलिझुमॅबनंतर सीआरपी फसवा असतो" एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर आम्ही भाबडी आशा धरली नसती. आकडा लपवून काय होणार? बोला की!

लॅबकिडा: एक वाक्य म्हणता, त्यामागून वीस प्रश्न येतात. रात्री एकटा रेसिडेंट डॉक्टर, सगळे बेड भरलेले.

मधली_लेक: मग रोज चार बाटल्या रक्त काढायला माणूस कुठून मिळतो?

जुना_मॉनिटर: 👆 याला उत्तर द्या आधी. आणि माझं मेरोपेनेम राहिलंच.

रातपाळी: किडनी बसली की तुमचं प्रोकॅल्सिटोनिनही वर जातं, साहेब. तेही देव नाही.

जुना_मॉनिटर: देव म्हटलंय कोणी? शब्द कोंबू नका तोंडात.

लॅबकिडा: बरं बाबा, टोसिलिझुमॅबनंतर रोजचा सीआरपी नको. झालं समाधान? पण बाकीच्यांचा बंद केलात तर दुसरं इन्फेक्शन तुम्हाला स्वप्नात दिसणार वाटतं.

रातपाळी: बाकीचे म्हणजे कोण? कोविडमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तर ऑक्सिजनवरच्या बहुतेकांना चालू असतं, त्यानेही सीआरपी दबतो. ताप, बीपी, व्हेंटिलेटरची गरज बघा आणि श्वासाच्या ट्यूबमधल्या स्रावाचं कल्चर पाठवा, जंतू वाढतात का ते बघायला. ते स्वप्नात नाही, लॅबमध्येच दिसतं. तुमच्याच.