मदत हवी आहे: घोड्याची मान खाली येते, पण पाठ वर येत नाही

नमस्कार मंडळी,

इथे स्वारी करणारे, घोडे पाळणारे आणि जनावरांचे डॉक्टर असे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. जरा लांबला आहे, पण दोन ओळींत मांडता येईना.

माझा घोडा बादल. कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ), थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या जातीचा, वय ९. पाचव्या वर्षापर्यंत शर्यतीत पळाला, मग पुण्याजवळ आमच्या क्लबात आला. गेली तीन वर्षं तो माझ्याकडे आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदिप्ती हाजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, तेव्हापासून मला ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्वारीचं, वेड लागलंय. उड्या नाहीत, वेग नाही, फक्त घोडा आणि स्वार एकमेकांचं किती ऐकतात ते.

मागच्या महिन्यात दोन दिवसांचं शिबिर झालं. सकाळी घोड्याची शरीररचना, दुपारी मैदानात स्वारी. पहिल्याच सकाळी डॉक्टरांनी एका काळ्या घोडीच्या अंगावर पांढऱ्या खडूने हाडं काढून दाखवली. मानेचे ७ मणके, पाठीचे १८, कमरेचे ६. मानेचे मणके आयाळीच्या कडेने जातात असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. खडूची रेघ मात्र खाली उतरत उतरत थेट खांद्याच्या आड गेली. आपल्याला गळ्याखाली कॉलरबोन असतं, ते घोड्याला नाहीच. त्याचं धड दोन खांद्यांच्या मध्ये नुसतं स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. नुसता उभा असला तरी साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. वर आपण बसलो की झोळी आणखी खाली जाते.

मग त्यांनी मला पुढे बोलावलं आणि घोडीच्या छातीखाली, तंग (खोगिराचा पोटपट्टा) बांधतो त्याच्या आसपास, मधल्या हाडावर बोटांची टोकं हळूहळू दाबायला सांगितली. दोन-तीन सेकंद काहीच नाही. आणि मग घोडीची पाठ डोळ्यांदेखत वर आली! खडूची रेघसुद्धा वर सरकली. मला अक्षरशः भरून आलं. इतकी वर्षं त्या पाठीवर बसतोय आणि ती हलते हे माहीत नव्हतं.

दुपारी आणखी एक प्रयोग झाला. एकाने डोळे मिटून बिट (घोड्याच्या तोंडातली लगामाची कडी) दोन्ही हातांत धरायचं, दुसऱ्याने लगाम धरून मागे उभं राहायचं. मी डोळे मिटले होते. मागच्या मुलीने फक्त करंगळी आवळली, तरी मला ते तळहातात लख्ख कळलं. बादलच्या तोंडात मी रोज काय काय पोचवत असेन, या विचाराने पोटात कालवलं.

आता मूळ दुखणं. आधीच्या प्रशिक्षकांनी (नाव घेत नाही) बादलला साइड रेन्स (बिटापासून तंगाच्या बाजूंना बांधायचे पट्टे) आखूड बांधून डोकं आत घ्यायला शिकवलं होतं. दिसायला ऐटबाज, फोटो छान यायचे, मी ते कौतुकाने सगळ्यांना दाखवायचे. शिबिरात त्याच्या मानेवर हात ठेवून डॉक्टर म्हणाल्या, "सगळ्यात उंच जागा कानांच्या मागे हवी. याची चार बोटं मागे आहे. मान तिथे मोडल्यासारखी वाकते आहे, आणि खालून बघा, नको तो स्नायू केवढा झालाय." जर्मन पद्धतीत पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी ताल, मग अंगाचा मोकळेपणा, मग लगामाशी संपर्क, जोम, सरळपणा आणि सगळ्यात शेवटी एकवटणं, म्हणजे मागच्या पायांवर भार घेऊन अंग गोळा करणं. आम्ही शेवटच्या पायरीचा नुसता आकार पहिल्या दिवशी ओढून आणला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरी आल्यावर साइड रेन्स काढून टाकल्या. शिबिरात शिकवल्याप्रमाणे मान पुढे आणि खाली लांबवू द्यायची असं ठरवलं. डोक्यामागून निघालेला जाड पट्टा विदर्सच्या (मान संपते तिथल्या उंचवट्याच्या) मणक्यांवरच्या उंच काट्यांना जोडलेला असतो, मान लांबली की तो काटे पुढे ओढतो आणि पाठ उचलायला मदत होते, हे मला समजलंय. पण बादल मान खाली घालतो आणि दुडकीत पळत सुटतो. नाक पार जमिनीशी, पुढचे खूर मातीत घासतात, गेल्या आठवड्यात दोनदा अडखळला. उजव्या वर्तुळावर जास्तच. म्हणजे मान खाली आली, पण पाठ वर आली नाही, असंच ना? खोगिरावर बसून हा फरक ओळखायचा कसा? आणि एका वेळी किती मिनिटं करावं?

शिवाय शेवटची बरगडी हाताने चाचपली तर माझं खोगीर तिच्याही मागे तीन बोटं जातं. नवं घ्यायला पैसे जमवावे लागतील. तोवर जाड नमदा (खोगिराखालची गादी) घालून चालेल का? नालबंद दर पाच आठवड्यांनी येतो, दात दिवाळीनंतर घासून घेतलेत, चंदी (खुराक) बदललेली नाही.

कृपया मार्गदर्शन करा. चुकले असेन तर स्पष्ट सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी शाबासकी. साइड रेन्स काढल्यात हे उत्तम केलंत. मी तीस वर्षं घोडे शिकवून तयार करतोय, त्या अनुभवावरून सांगतो. शर्यतीचा घोडा लगामावर भार टाकून पळायला शिकलेला असतो. तुम्ही लगाम सोडला की त्याला वाटतं, आता पळायचं. त्यामुळे दुडकी काही दिवस बंद ठेवा. फक्त चालीत करा. नाक खांद्याच्या टोकापर्यंत येऊ द्या, त्याखाली नको. दहा पावलं झाली की थांबा, पुन्हा चाल. थांबवताना हात ओढू नका, मांड (खोगिरावरची बैठक) खोल करा आणि श्वास सोडा. मागच्या पायाचा ठसा पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्या पुढे पडतोय का, ते मोतद्दाराला (घोड्याची देखभाल करणाऱ्याला) मातीत बघायला सांगा. खोगिरावर ओळखण्याची खूण अशी: पाठ वर आली की तुमच्या दोन्ही मांड्या आळीपाळीने खाली-वर होतात आणि शेपटी मोकळी डोलते. घोडा फुरफुरतो. पाठ खाली असेल तर फळीवर बसल्यासारखं वाटतं. दोन-तीन मिनिटं, मग मोकळी चाल, मग पुन्हा. जवळ एखादा मंद चढ असेल तर सोन्याहून पिवळं.

प्रतिसाद २

मी जनावरांचा डॉक्टर आहे. वरचे दादा म्हणतात ते बरोबर, पण माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी पाठ तपासा, मग शिकवा. थरोब्रेडमध्ये पाठीच्या मणक्यांचे काटे एकमेकांना घासण्याचा त्रास बराच दिसतो, आणि तो नेमका खोगिराखालच्या भागात असतो. अडखळणं, एका बाजूला जास्त त्रास, मान खाली घालून पळणं, हे सगळं शिकवणीतून येऊ शकतं तसं दुखण्यातूनही. लंगडतोय का ते बघून घ्या आणि पाठीचा एक्स-रे काढा. जाड नमदा अजिबात नको. खोगीर लांब आहे ते लांबच राहणार, वरून आवळलं जाईल. घट्ट बुटात दोन मोजे घालण्यासारखं आहे ते. तोवर स्वारी बंद ठेवा आणि जमिनीवरून काम करा. गाजर दाखवून नाक छातीकडे, पुढच्या गुडघ्यांमध्ये आणि दोन्ही कुशींकडे न्यायला लावा, पाच-पाच वेळा, प्रत्येक वेळी काही सेकंद धरून. अमेरिकेत मिशिगनला हिलरी क्लेटन आणि सहकाऱ्यांनी तीन महिने असा व्यायाम करून घेतला, तेव्हा मणक्यांना धरून असलेला खोल स्नायू वाढलेला दिसला. भिंतीशी उभा करून करा, म्हणजे मागे सरकणार नाही.

धागाकर्ती

दादा, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. कालपासून खोगीर चढवलेलं नाही. आज खरारा करताना मणक्याच्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने दाबत गेले. डावीकडे काही नाही. उजवीकडे, खोगिराच्या मागच्या कडेखाली, त्याने कातडी थरथरवली आणि कान मागे टाकले. तीनदा केलं, तीनदा तसंच. म्हणजे तो मला केव्हापासून सांगत होता.

एक्स-रे गुरुवारी ठरलाय. गाजराचा व्यायाम सुरू केला: डाव्या कुशीपर्यंत नाक सहज जातं, उजवीकडे बरगड्यांच्या मध्यावरच थांबतो आणि पाय उचलतो. तिथे जबरदस्ती न करता जेवढं जातं तेवढंच घ्यायचं ना? आणि पुण्यात किंवा मुंबईत कुणी घोड्याच्या पाठीचं माप घेऊन खोगीर बसवून देणारं माहीत असेल तर इथेच सांगा. कानपूरहून मागवायचं तर माप कसं काढून पाठवायचं, हेही कुणी केलं असेल तर हवंय.