मदत हवी आहे: अमेरिकन यादवी युद्धाचा जुना फ्रीवेअर गेम, रिचमंड काही केल्या पडत नाही

नमस्कार मंडळी,
अमेरिकन यादवी युद्धावरचा डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या) जमान्यातला एक टर्न बेस्ड गेम उतरवून घेतलाय, फुकट आहे आणि सगळा मिळून मोबाईलच्या एका फोटोएवढापण नाही. नकाशावर शहरं, त्यांना जोडणाऱ्या रेघा, महिन्याला एक चाल, पैसे आले की सैन्य भरा, तटबंदी करा नाहीतर जहाजं बांधा, बस्स. ग्राफिक्सच्या नावानं शंख आहे पण सुटत नाही राव.

घोडं दोन ठिकाणी अडलंय. एक म्हणजे ६४ बिट विंडोजवर तो नुसता डबल क्लिक करून उघडतच नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, तर आता कॉम्प्युटरची पाळी आली की इतकं भर्रकन सगळं होतं की कोणी कुठे हल्ला केला ते वाचायच्या आत मेसेज गायब.

दुसरं, मी युनियन (म्हणजे उत्तरेची बाजू) घेतो. वॉशिंग्टन ते रिचमंड म्हणजे जेमतेम मुंबई-पुणे अंतर, समोर दिसतेय दक्षिणेची राजधानी, म्हणून पहिल्या चालीपासून सगळा पैसा व्हर्जिनियात ओततो आणि त्यांचा सेनापती ली दरवेळी धुवून काढतो. १८६४ उजाडतं तरी मी आपला वॉशिंग्टनजवळच्या मनासासपाशीच. सैन्य माझं जास्त, पैसा माझा जास्त, मग गंडतंय कुठे? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
स्पीडचं सोपं आहे. गेम चालू असताना कंट्रोल धरून एफ११ दाबत राहा, सायकल्स (म्हणजे डॉसबॉक्सचा वेग) कमी होतात, एफ१२ ने वाढतात. जमला आकडा की कॉन्फिग फाइलमध्ये फिक्स्ड करून टाका. आणि गेमचा फोल्डर प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका, तिथे लिहायची परवानगी नसते, मग सेव्ह केलेला गेम सापडत नाही म्हणून दुसरा धागा काढाल :)

प्रतिसाद:
रिचमंडचा नाद सोडा हो. खऱ्या युद्धातपण उत्तरेनं १८६१ पासून तिथेच डोकं आपटलं, १८६२ मध्ये त्यांचा सेनापती मॅकक्लेलन शहराच्या वेशीपर्यंत जाऊन परत आला, आणि ते पडलं कधी तर एप्रिल १८६५ ला, तेही शेजारच्या पीटर्सबर्गला नऊ महिन्यांच्या वर वेढा घातल्यावर. युद्ध फिरलं ते पश्चिमेला, नद्यांवर. उत्तरेच्या म्हाताऱ्या सरसेनापती विनफिल्ड स्कॉटनं सुरुवातीलाच सांगितलं होतं की समुद्र बंद करा आणि मिसिसिपी ताब्यात घ्या, तेव्हा लोक हसले. फेब्रुवारी १८६२ मध्ये उत्तरेच्या ग्रँटनं नद्यांवरचे फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेलसन दहा-अकरा दिवसांत घेतले, लगेच नॅशव्हिल पडलं, एप्रिलमध्ये उत्तरेच्याच आरमारातल्या फॅरागटनं समुद्राकडून न्यू ऑर्लिन्स घेतलं. मिसिसिपीवरचं व्हिक्सबर्ग ४ जुलै १८६३, म्हणजे पूर्वेकडची गेटिसबर्गची लढाई संपल्याच्या दुसऱ्या दिवशी.
तेव्हा वॉशिंग्टनला तटबंदी करून बसा, लीला येऊन आपटू दे तुमच्यावर. बाकी पैसा कैरोला (इलिनॉयमधलं, इजिप्तचं नव्हे) आणि तिथून नदीनं खाली.

प्रतिसाद:
युनियन घेऊन खेळण्यात काय मजा, दक्षिण घ्या, खरा कस लागतो.

प्रतिसाद:
घ्या की, पण भरतीला माणसं कुठून आणणार? उत्तरेत सव्वादोन कोटी लोक, दक्षिणेत नव्वद लाख आणि त्यातले पस्तीस लाख गुलाम. ते तुमच्या बाजूनं कशाला लढतील?

प्रतिसाद:
अवांतर: नाकेबंदी केली की दक्षिणेचं उत्पन्न घसरतं ना, त्याचं कारण कापूस. लँकेशायरच्या गिरण्यांना तो मिळेना म्हणून आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, सट्टेबाज प्रेमचंद रायचंद, समुद्र बुजवायला निघालेल्या बॅक बे कंपनीचे शेअर वगैरे सगळं तेव्हाचंच. १८६५ ला तिकडे युद्ध संपलं आणि इकडे लोक धुपले. तुम्ही जहाजं बांधायला लागलात की मुंबईत कोणीतरी शेअर घेतोय असं समजा.

धागाकर्ता:
एफ११ ची मात्रा लागू पडली, धन्यवाद! कैरोचं पण पटलं, नॅशव्हिल आलं हातात. पण आता नवीनच ताप, मी पुढे सरकलो की मागून त्यांचं घोडदळ छापे मारतं, रेल्वे तोडतं आणि पुढच्या सैन्याला काही पोचतच नाही. परत मागे येऊ का?

प्रतिसाद:
ग्रँटचंपण हेच झालं होतं. डिसेंबर १८६२ मध्ये दक्षिणेच्या घोडदळातल्या व्हॅन डॉर्ननं त्याचं होली स्प्रिंग्जचं कोठार जाळलं आणि तिकडच्याच फॉरेस्टनं रेल्वे उखडली, व्हिक्सबर्गकडे निघालेला ग्रँट माघारी फिरला. मागच्या प्रत्येक जंक्शनवर थोडं सैन्य आणि तटबंदी सोडत जा, पुढे कमी माणसं राहिली तरी चालेल. आणि जमेल तिथे रेल्वेपेक्षा नदीनं जा, नदी कोणाला उखडता येत नाही. अटलांटाच्या वाटेवरचं चॅटानूगा घेतल्यावर सेव्ह करून ठेवा, अटलांटाचं तेव्हा बघू.