मदत हवी आहे: माजघरात उजेड आणण्यासाठी काचेची कौलं
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमचं मंगलोरी कौलांचं जुनं घर आहे. माजघराला खिडकी एकही नाही, वर माळाही नाही. भर दुपारी दिवा लावावा लागतो. आई तांदूळ निवडायला सूप घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसते, आत तिला खडा दिसतच नाही. तिच्यासाठीच हे करायचंय.

स्वयंपाकघरावर आजोबांच्या वेळचं एक काचेचं कौल आहे. सकाळी त्यातून उन्हाचा चौकोन चुलीशेजारी पडतो, फार छान वाटतं. तशीच चार-पाच कौलं माजघराच्या उत्तरेकडच्या पाख्यात (छपराच्या उतारात) बसवावीत असं मनात आहे, म्हणजे थेट ऊन कमी येईल.

काचेच्या नि मातीच्या कौलांच्या खाचा नीट जुळतात का, की पावसात तिथूनच गळतं? वानरांचा फार त्रास आहे. काच फुटलीच तर खाली जाळी पुरेल? पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, पण उन्हाने पिवळं पडतं, म्हणून नको वाटतं. लॅमिनेटेड काचेचे तुकडे फुटल्यावरही मधल्या थराला चिकटून राहतात, मात्र तिच्यासाठी रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) कापून चौकट करावी लागेल. कुणी केलंय का असं?

मे महिन्यात शाकारणी (पावसाळ्याआधी कौलं काढून नीट बसवणं) आहे, त्याआधी ठरवायचंय. फोटो असतील तर जरूर टाका.