जुन्या ब्युल घड्याळाचे काँटॅक्ट – पुण्यात कोणाकडे न्यावं, की घरीच करावं?

सदाशिवकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे आजोबांचं फ्रेंच 'ब्युल' आहे, काचेच्या घुमटातलं, सेलवर चालणारं. नवा सेल घातला की लंबक झोकात सुरू होतो, मग झोका आखडत जातो आणि घड्याळ थांबतं. पिन जिथे टेकते तिथे, म्हणजे काँटॅक्टवर, काळं दिसतंय. एका दुकानात 'क्वार्ट्झ मशीन बसवून देतो' म्हणाले, ते मला अजिबात नकोय. काँटॅक्ट पॉलिश पेपरने घासू का? पावसाळ्यात त्रास वाढतो असं आई म्हणते.

लंबकवेडा
ताई, क्वार्ट्झला नाही म्हणालात हे फार चांगलं केलंत. पॉलिश पेपरही बाजूला ठेवा. चांदीवर ओरखडे पडतात, कण रुतून बसतात, आणि त्याच खाचांत पुढचा मळ साठतो.

यात कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, लंबकासोबत डोलते, लोहचुंबक जागेवर असतं. लंबकावरची चांदीची पिन एका दुबेळक्यात हलते. दुबेळक्याची एक बाजू चांदीची, दुसरी इन्सुलेटेड. त्यामुळे करंट एकाच दिशेच्या झोक्यात मिळतो. तेच दुबेळकं काट्यांचं चक्रही पुढे ढकलतं, म्हणून दाब वाढवायला ते वाकवू नका, लंबकाची ताकद घर्षणातच जाईल.

सेल दीड व्होल्टचा आणि कॉइल हजार ओहमच्या आसपास, म्हणजे करंट जेमतेम एक-दीड मिलिअँपिअर. एवढ्याशा व्होल्टेजला मळाचा पातळ थरही भेदता येत नाही. चांदीवरचं काळं म्हणजे बहुतेक सिल्व्हर सल्फाइड. दमट हवेत ते लवकर धरतं, आईंचं निरीक्षण बरोबर आहे.

आधी सेल काढून कॉइलला मल्टिमीटर लावा. कॉइल हजार-बाराशे ओहम दाखवत असेल तर निश्चिंत व्हा, तुटली असेल तर काँटॅक्ट घासून काही होणार नाही. मग लंबक हाताने हळू हलवत पिन आणि दुबेळक्यामधलं रीडिंग पाहा. काट्याचा मीटर मिळाला तर उत्तम, थरथर लगेच कळते. आकडा नाचत असेल तर दोष तिथेच.

सफाईला जाड गुळगुळीत कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करून दोन्हींच्या मधून ओढा, मग कोरडी. कागद काळा यायचा थांबेपर्यंत. तेल काँटॅक्टला कधीच नाही, ठिणगीने जळून त्याचा कोळसा होतो.

ठिणगी
काकांशी सहमत, पण काळं परत परत का येतं तेही बघा. काँटॅक्ट सुटताना कॉइलमधली ऊर्जा ठिणगीवाटे बाहेर पडते आणि चांदी जाळते. कॉइलच्या दोन टोकांना समांतर दहा किलोओहमचा रेझिस्टर जोडा. दीड मिलिअँपिअर धरला तर उसळी पंधरा व्होल्टच्या आतच राहील. लोक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) सुचवतात, मी या घड्याळात टाळतो. परतीच्या झोक्यात कॉइलमध्ये उलटं व्होल्टेज तयार होतं, ते पुरेसं मोठं झालं की डायोड चालू होऊन लंबकाला ब्रेक लागतो. मूळ वायरिंगला डाग न देता बारीक तारेने जोडा, म्हणजे पुढे काढता येईल.

रेझिस्टर पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल.

सदाशिवकर
काका, दादा, मनापासून आभार. कॉइल ठीक निघाली, काँटॅक्टचं रीडिंग मात्र नाचत होतं. कागद फिरवल्यावर बऱ्यापैकी स्थिर झालं. पण पिनला एका बाजूला खड्डा पडलाय. आणि सेलची दिशा महत्त्वाची असते का?

लंबकवेडा
खूप महत्त्वाची! उलटा लावला तर कॉइल लंबकाला ढकलण्याऐवजी अडवते. नुकसान काही नाही, दिशा बदलून कुठे झोका वाढतो ते पाहा.

पिन गोल असेल तर थोडी फिरवून न झिजलेली बाजू पुढे आणा. ते जमलं नाही तर सराफाकडून शुद्ध चांदीची तार घ्या. दागिन्याची नको, त्यात तांबं असतं. बसवून घ्यायला जुनी यांत्रिक घड्याळं स्वतः उघडणारा कारागीर शोधा, लक्ष्मी रोडच्या आसपास विचारा. 'मूळ काँटॅक्ट ठेवून दुरुस्ती' हे शब्द पावतीवर लिहून घ्या, आणि काढलेला प्रत्येक भाग परत मागा.

ठिणगी
घड्याळ बंद ठेवणार असाल तेव्हा सेल काढून ठेवा. गळलेला सेल पितळ खातो, आणि ते कागदाच्या पट्टीने निघत नाही.