सोशल मीडियाची सुट्टी : एकट्याने घ्यायची की घराने मिळून?

कृष्णाकाठ
सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेत एक ठराव केला. रोज संध्याकाळी ७ ला भोंगा वाजणार आणि ८.३० पर्यंत टीव्ही, मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर एकमेकांशी बोलायचं. कोरोनात ऑनलाइन शाळेपायी मुलांच्या हातात आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेना, हे त्यामागचं कारण. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन लोकांना पटवलं.

मला हाच मार्ग बरोबर वाटतो. 'महिनाभर इन्स्टाला रामराम' म्हणून जाणारे माझ्या पाहण्यातले बरेच जण आठवड्यात परत येतात. त्यांच्या मनोबलाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बोट सरकवत राहिलं की खाली नवं काहीतरी येतच राहतं, शेवट म्हणून नसतोच, आणि ही रचना मुद्दाम केलेली आहे. शिवाय जेवताना बाकी चौघांच्या माना फोनमध्ये असतील तर फोन ठेवून बसलेल्या पाचव्याने बोलायचं कुणाशी? सुट्टी सगळ्यांनी मिळून, ठरल्या वेळी घेतली तरच टिकते.

रानजाई
साफ असहमत. ७ ते ८.३० ही स्वयंपाकाची वेळ आहे. त्या दीड तासात पुस्तक कोण वाचणार आणि भाकऱ्या कोण थापणार? आणि 'घराने मिळून ठरवलं' म्हणजे नेमकं कुणी ठरवलं, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा. सासूसमोर जे बोलता येत नाही ते सून मैत्रिणीला फोनवर लिहून कळवते. कित्येक घरांत तिला स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक जागा असते. ती सगळ्यांच्या देखत टेबलावर ठेवायला लावून तिचं मानसिक आरोग्य कसं सुधारणार? कधी थांबायचं हे जिचं तिला ठरवू द्या.

निळा डोंगर
एकट्याची सुट्टी टिकत नाही, हेही मला मान्य नाही. २०१८ च्या अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकांआधी तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यांचं समाधान वाढलं. फार नाही, पण मोजता येईल इतकं. रोजचा तासभर मोकळा झाला, तो घरच्यांत, मित्रांत आणि काहीसा टीव्हीपुढेही गेला. बातम्यांची माहिती मात्र कमी झाली, तोही हिशेबात धरायला हवा. मुख्य म्हणजे प्रयोग संपल्यावरही ही मंडळी फेसबुक पहिल्यापेक्षा कमी वापरत राहिली. भोंगा नव्हता, ग्रामसभा नव्हती.

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १४३ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दिवसाला १० मिनिटं, असं तीन आठवडे ज्यांनी पाळलं त्यांचा एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. पूर्ण बंद करायचीही गरज पडली नाही.

फराळवाली
सुट्टी ज्यांना परवडते त्यांनी घ्यावी. माझ्या चकल्या-लाडवांच्या ऑर्डरी इन्स्टावरूनच येतात, त्याही संध्याकाळी, लोक कामावरून सुटले की. मी नोटिफिकेशन बंद ठेवते आणि ऑर्डरी बघून बाहेर पडते. एवढं जमतं.

कृष्णाकाठ
निळा डोंगर, त्या लोकांना बंद ठेवण्याचे पैसे मिळत होते आणि कुणीतरी हिशेब ठेवत होतं. आपल्याकडे घरात एकट्याने ठरवणाऱ्याच्या पाठीशी असं कुणी नसतं, म्हणून मी घराबद्दल बोलतोय.

रानजाई, वेळ बाईला विचारूनच ठरली पाहिजे, यात वाद नाही. पण आठवी-नववीतल्या मुलालाही 'तुझं तू ठरव' म्हणणार का? ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायलाच बंदी केली. इतकं टोक मला नको. बाप फोन बाजूला ठेवून शेजारी बसला तर मुलगाही ठेवतो, हे मी अनेक घरांत बघितलंय.

सावली
एक गोष्ट दोन्ही बाजूंकडून सुटते आहे. झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच रस वाटत नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर फोन बंद करणं हा उपचार नव्हे. उलट सुट्टीच्या नावाखाली माणूस सगळ्यांपासून तुटतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं. फोनचाच विळखा सुटत नसेल तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. एखादा अचानक सगळीकडून गायब झाला तर त्याला साधा फोन करा.

रानजाई
सावलीशी पूर्ण सहमत.

कृष्णाकाठ, मुलांपुरतं तुमचं म्हणणं पटतं. मग वेळ रात्री ९.३० नंतरची ठेवा, ओटा आवरून झाल्यावर, आणि नवऱ्याचा फोन सगळ्यात आधी बाजूला जाऊ दे. पण नणंदेची मुलगी दहावीला आहे. तिच्या शाळेचा गृहपाठ, वेळापत्रकातले बदल, सगळं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्रीच येतं. तिने फोन ठेवला तर दुसऱ्या दिवशी वर्गात बोलणी बसतात. घरांना नियम लावण्याआधी शाळांनी संध्याकाळनंतर ग्रुपवर काही टाकू नये, यासाठी तुमच्या ग्रामसभेने ठराव करावा. त्यावर मी पहिली सही करीन.